डोक्यावर येऊन बसतो आणि काढायला गेलं की चावतो, या कोन्यूरचं करायचं काय

सन कोन्यूर, ग्रीन चीक कोन्यूर, कॉकाटील असे परदेशी छोटे पोपट पाळणाऱ्या घरांतली तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. पिल्लू होता तेव्हा एकदम गोड होता, हातावर झोपायचा, आता वर्ष-दीड वर्षाचा झाला आणि पिंजरा उघडला की भुर्रकन थेट डोक्यावर, तिथून खाली घ्यायला हात वर नेला की बोटाचा लचका, खांद्यावर ठेवला तर कानाची पाळी, आणि घरात एक माणूस असा असतोच ज्याच्या अंगावर तो हॉलच्या त्या टोकावरून झेप घालून येतो. मग प्रश्न येतो, चावणं कसं बंद करू? माझ्या मते इथे अर्धी गोष्ट सुटते. उतरणं आणि चावणं हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीतच. तो कुठे उतरतो आणि तिथून तुम्ही त्याला कसं काढता, बहुतेक चावे या दोन गोष्टींच्या मधे पडतात, त्यामुळे चोचीवर इलाज शोधण्यापेक्षा उतरण्याच्या जागेवर काम करा.

पण त्याआधी एक उरकून घेऊ. कालपर्यंत नीट असलेला पक्षी अचानक चावायला लागला, सोबत अंग फुगवून बसतोय, खाणं कमी झालंय, शीचा रंग किंवा पातळपणा बदललाय, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होतेय, तर ट्रेनिंग-बिनिंग काही नाही, आधी पक्ष्यांचं कळणारा व्हेट गाठा. पक्षी आजार लपवतात आणि आपल्याला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मादी असेल तर अंडं अडकणं हे जिवावरचं दुखणं आहे, नर नसला तरी मादी अंडी घालू शकते हे खूप जणांना माहीतच नसतं. आणि मोल्टिंग म्हणजे जुनी पिसं गळून नवी येणं चालू असेल, डोक्यावर मानेवर बारीक काट्यांसारखी नवी पिसं दिसत असतील, तर त्याला हात लावला की खरंच दुखतं. त्या दिवसांत चावला तर तो बिघडला असं नाही, तुम्ही खाजवणं थोडं थांबवा एवढंच.

(हे सगळं बाहेरच्या देशातल्या जातींबद्दल चाललंय. आपला कंठवाला हिरवा पोपट किंवा करण पोपट घरात असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही, त्याला शिकवत बसण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करा. आणि सन कोन्यूरची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, विकणारे बरेचदा हे सांगत नाहीत.)

आता डोकंच का? एक समज फार पसरलाय की उंच बसला की पक्षी स्वतःला बॉस समजतो, म्हणून त्याला नेहमी छातीच्या खाली ठेवा. यात तथ्य नाही. उंच जागा सुरक्षित वाटते आणि तिथून सगळं दिसतं, विषय संपला. जरा तुमचा हॉल त्याच्या नजरेने बघा, उतरायला काय काय आहे? बंद फॅनची पाती, पडद्याचा रॉड, ट्यूबलाइट, कपाटाचा माथा, फोटोची फ्रेम, आणि तुमचं डोकं. यातलं उबदार, पकड मिळणारं आणि लगेच आरडाओरडा करून लक्ष देणारं एकच आहे. तुमचा हात मात्र त्याच्या लेखी काय आहे? हात आला की पिंजरा. मजा चाललेली असताना हात येतो आणि मजा संपते, दिवसातून अनेकदा, रोज. डोक्यावर हात पोचायला वेळ लागतो, तिथे तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नाही, त्याने दिलेला इशारा दिसत नाही, आणि तुम्ही आंधळेपणाने वरून बोटं चाचपत नेता. वरून येणारी गोष्ट म्हणजे शिकारी, हे कुठल्याही छोट्या पक्ष्याच्या हाडात असतं. मग तो चावतो, तुम्ही हात झटकता, हात गेला. त्याच्या डोक्यात हिशोब पक्का झाला की चावलं की हात जातो.

आणि अजून एक, हे नवीन लोकांचं नव्वद टक्के वेळा होतं (टक्का माझ्या अंदाजाचा आहे, वाद घालू नका). पोपटवर्गीय पक्षी चोच तिसऱ्या पायासारखी वापरतात. तुम्ही बोट पुढे केलं की तो आधी चोचीने बोट धरून बघतो, ही फांदी हलणार तर नाही ना, मग पाय टाकतो. लोक चोच पुढे आली की घाबरून बोट मागे घेतात. फांदी डगमगली म्हटल्यावर पुढच्या वेळी तो जास्त घट्ट धरणार, तुम्ही जास्त जोरात मागे घेणार, आणि महिन्याभरात साध्या चाचपण्याचा खराखुरा चावा झालेला असतो. घरातल्या एका माणसाला चावत नाही आणि बाकीच्यांना चावतो असं असेल तर त्या एकाचा हात नीट बघा, तो हात स्थिर असतो, बाकी फार काही जादू नसते.

चाव्याच्या आधी इशारा असतोच. डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात किंवा उलट सगळी पिसं अंगाला चिकटून पक्षी बारीक लांबट दिसतो, शेपूट पंख्यासारखी पसरते, तो एकदम पुतळ्यासारखा थांबतो, कॉकाटील असेल तर तुरा मागे चपटा होतो आणि फुस्स आवाज येतो. बाहुली लहानमोठी होणं आनंदातही होतं, खेळताना बोलताना पण होतं, म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका, दोन-तीन एकत्र दिसल्या की हात जिथे आहे तिथेच थांबवा आणि सावकाश मागे घ्या. काही लोक म्हणतील असं मागे घेतलं तर तो जिंकतो. जिंकू द्या की! इशारा दिल्यावर माणूस थांबतो हे कळलेला पक्षी इशाऱ्यावर भागवतो. ज्याच्या इशाऱ्याकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं तो इशारा द्यायचंच सोडतो, आणि मग घरातले सांगत फिरतात, काही कारण नसताना चावला हो.

मग करायचं काय. सगळ्यात आधी उतरायला जागा द्या. एक टी-स्टँड, म्हणजे उभ्या खांबावर आडवी दांडी, हॉलमध्ये, शक्य असेल तर दुसरा जिथे तुम्ही जास्त बसता तिथे. विकतचा घ्यायलाच हवा असं नाही, पीव्हीसी पाइपचा बनवता येतो, फक्त आडवी दांडी गुळगुळीत ठेवू नका, पाय घसरला की तो जागा पुन्हा वापरणार नाही. फवारणी न केलेली पेरूची फांदी धुऊन कडक उन्हात वाळवून लावली तर सर्वात उत्तम, जाडी कमी-जास्त असल्याने पायालाही बरं. उंची तुमच्या छाती-खांद्याच्या आसपास ठेवा, गुडघ्याएवढ्या स्टँडवर कोण येतंय! आणि स्टँडला किंमत यावी म्हणून त्याची सर्वात आवडती गोष्ट रोजच्या वाटीतून काढून टाका, सूर्यफुलाच्या बिया, करडई, राळ्याचं कणीस जे काय असेल ते, आणि ती फक्त स्टँडवर मिळेल असं करा. सुरुवातीला नुसता तिकडे गेला, चुकून बसला तरी दाणा. बरेच लोक उलटं करतात, डोक्यावर बसला की गप्पा मारतात, सेल्फी काढतात, स्टँडवर शहाण्यासारखा बसला असेल तेव्हा मोबाइल बघत बसतात.

पुढचं म्हणजे टार्गेट. एक साधी काडी घ्या, आइस्क्रीमची काडी किंवा चॉपस्टिक चालेल. काडीच्या टोकाला चोच लावली की "यस" म्हणा किंवा क्लिकर (दाबलं की टिक आवाज करणारी छोटी डबी) वाजवा आणि दाणा द्या. पिंजऱ्याच्या जाळीतूनच सुरुवात करा, म्हणजे चावेल ही तुमची भीती पण मधे येत नाही. कोन्यूर हे फार पटकन शिकतो. मग काडी थोडी लांब, तो दोन पावलं चालत येतो, मग स्टँडच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, मग स्टँडवरून तुमच्या हातावर. एका वेळी चार-पाच मिनिटं, भूक लागलेली असते तेव्हा म्हणजे सकाळच्या खाण्याआधी, आणि तो कंटाळायच्या आत तुम्ही थांबवायचं. उपाशी ठेवायचं नाही, तेवढासा जीव, सन कोन्यूरचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, ग्रीन चीक आणि कॉकाटीलचं साधारण त्याहून कमी, उपास त्यांना झेपत नाही.

हातावर उतरवायचं असेल तर बोट दाखवू नका, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा, शरीरापासून थोडा लांब, छातीच्या उंचीला धरा आणि स्थिर ठेवा. तो उडत असताना हात त्याच्याकडे नेऊ नका, विमान उतरताना धावपट्टी पुढे सरकली तर पायलटचं काय होईल, तसंच. सुरुवात अर्ध्या फुटाच्या उडीपासून, मग हळूहळू लांब. आणि जो भाग कोणी सांगत नाही तो हा: खालून वर उडून येऊन बसणं सोपं असतं कारण वर येताना वेग आपोआप मरतो, वरून खाली उतरणं कठीण, तिथे ब्रेक मारायला शिकावं लागतं. म्हणून पडद्याच्या रॉडवर बसून ओरडणारा, खाली यायलाच मागत नाही असा लहान पक्षी बऱ्याचदा हट्टी नसतो, त्याला उतार जमत नसतो. तुम्ही नेमके रॉडच्या खाली उभे राहून "ये ये" करता, म्हणजे त्याला सरळ खड्ड्यात उडी मारायला सांगता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, हात थोडा उंच धरा, उतार कमी होतो, मग बघा येतो का. पहिल्यांदा भिरभिरून गोल फिरून परत रॉडवर जाईल, जाऊ दे.

हे शिकेपर्यंत डोक्यावर बसणं चालूच राहणार आहे, तेव्हा तोपर्यंत काय? हात वर न्यायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना, आजीपासून पोरांपर्यंत. बसला की बोलणं बंद, हलणं कमी, सावकाश चालत स्टँडपाशी जा, मान वाकवून डोकं दांडीच्या जवळ न्या आणि स्टँडच्या वाटीत दाणा टाका. तो स्वतः उतरतो. नाही उतरला तर खाली बसा, जमिनीवर मांडी घालून, उंचीच गेली की बऱ्याच पक्ष्यांचा डोक्यावर बसण्यातला रस जातो. डोकं झटकायचं नाही, टॉवेल टाकायचा नाही, "अगं काढ ना याला" म्हणून घरभर पळायचं तर अजिबात नाही, त्याला ती फुकटची करमणूक वाटते. खांद्याचं पण तसंच. खांदा म्हणजे कान, मान आणि डोळा त्याच्या चोचीच्या टप्प्यात, आणि तुम्हाला दिसत काहीच नाही. जोपर्यंत तो काडी दाखवली की खांद्यावरून हातावर न चुकता येत नाही तोपर्यंत खांदा बंद. लहान मुलांच्या खांद्यावर तर कधीच नको, कितीही माणसाळलेला असला तरी.

समजा चावलाच. हात मागे ओढू नका, ओढल्याने जखम फाटते आणि वरून त्याला मजेशीर उत्तर पण मिळतं. ओरडू नका, हे बोलायला सोपं आहे मला माहितीये, पण निदान प्रयत्न करा. जवळ जे सपाट दिसेल, टेबल, खुर्चीची पाठ, स्टँड, तिथे त्याला सावकाश उतरवा, पाठ फिरवा, आठ-दहा सेकंद. बस एवढंच. मग परत या आणि आधीपेक्षा सोपं काहीतरी मागा, काडीला चोच लावणं वगैरे, आणि त्यासाठी दाणा द्या. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात टाकू नका, त्याने दोनच गोष्टी होतात, एकतर पिंजरा वाईट होतो आणि संध्याकाळी आत जाताना रोज कुस्ती, किंवा ज्याला आत जायचंच होतं त्याला समजतं की चावलं की घरी सोडतात. चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, पाण्याचा फवारा, बसलेला हात मुद्दाम हलवणं, हे सगळे उपाय हातावरचा भरवसा घालवणारे आहेत आणि भरवसा नसणं हाच तर आजार आहे.

मिरचीचं वेगळं लिहितो कारण हा सल्ला हमखास कोणीतरी देतंच. हाताला तिखट लावा म्हणे. मिरचीतलं जे कॅप्सेसिन आपल्याला झोंबतं ते पक्ष्यांना जाणवतच नाही, रानात मिरचीचं बी पक्षीच तर पसरवतात. तुमचा कोन्यूर हिरवी मिरची बियांसकट मजेत खातो तो याचमुळे. तिखट लावलेला हात तुम्हीच विसरून डोळ्याला लावाल.

पंख कापून टाका हा दुसरा हमखास सल्ला. मला पटत नाही. उडून जाता येत नाही म्हटल्यावर नको असलेल्या हाताला नाही म्हणायला त्याच्याकडे चोच सोडून काय उरतं? शिवाय पंख कापलेला पक्षी फरशीवर छातीवर आपटतो, छातीच्या हाडाला जखम होते, आणि पिसं थोडी वाढली की एखाद्या वाऱ्याच्या झोतात बाल्कनीतून गेलाच समजा. उतरायला शिकवणं वेळखाऊ आहे खरं पण त्याने प्रॉब्लेम सुटतो तरी.

आता तो एका माणसावरचा हल्ला. नवऱ्याच्या खांद्यावर दिवसभर, आणि बायको खोलीत आली की झेप. किंवा उलट, वहिनी त्याची लाडकी आणि दादांना दारातूनच हाकलतो. यात कधी कधी तो लाडक्या माणसालाच चावतो, कारण ज्याचा राग आलाय तो लांब असतो आणि जवळ तुम्ही असता. याच्या मुळाशी बहुतेक वेळा हार्मोन्स असतात, वयात आलेला पक्षी, एका माणसाला जोडीदार मानलेलं, आणि बाकीचे घुसखोर. इथे ट्रेनिंगच्या आधी घरातल्या सवयी बदला. पाठीवरून, पंखाखाली, शेपटीकडे हात फिरवणं आजपासून बंद, खाजवायचं ते फक्त डोकं आणि मान. पिंजऱ्यातलं घरटं, मडकं, कापडी तंबू काढून टाका, सोफ्याखाली आणि कपाटात शिरू देऊ नका, अंधारी बंद जागा म्हणजे त्याला घरटंच वाटतं. रात्री टीव्ही अकरापर्यंत चालतो आणि पिंजरा हॉलमध्येच असतो, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, त्याला रोज १० ते १२ तास शांत अंधार हवा, दुसऱ्या खोलीत झोपायची सोय करा. मग नावडत्या माणसाने एकच काम करायचं, जाता येता पिंजऱ्याच्या वाटीत सर्वात भारी दाणा टाकायचा आणि न थांबता, न बघता, न बोलता पुढे जायचं. लाडक्या माणसाने थोडे दिवस दाणे देणं बंद ठेवायचं, हे जास्त कठीण जातं, कारण लाडकं असणं कोणाला नको असतं! आणि नावडता माणूस येताना दिसला की झेपेची वाट न बघता आधीच पक्ष्याला स्टँडवर बोलवा. स्टँडवर बसून दाणा खाणं आणि अंगावर झेप घालणं एका वेळी होत नाही.

पिंजऱ्याच्या आत हात घातल्यावरच चावत असेल तर हात घालूच नका. दार उघडा, त्याला काडीने बाहेर बोलवा, तो बाहेर आल्यावर पाणी-वाट्या बदला.

सुरुवातीला काही दिवस उलट वाढल्यासारखं वाटेल. डोक्यावर बसून रोज मिळणारी गंमत अचानक बंद झाली की तो आधी जास्त जोर लावतो, जास्त वेळा येतो, केस ओढतो. इथेच लोक सोडून देतात आणि एकदा ओरडतात, म्हणजे त्याला कळतं की जोर लावला की मिळतं. घरातला एक जरी नियम मोडत असेल तर तिथेच सगळं अडकतं, आणि तो एक बहुतेक वेळा घरातला सर्वात प्रेमळ माणूस असतो. गणपतीत खाली ढोल-ताशा चालू असेल किंवा दिवाळीचे फटाके, त्या दिवसांत नवीन काही शिकवू नका, पक्षी आधीच घाबरलेला असतो.

उडणारा पक्षी घरात म्हणजे काही गोष्टी न बोलता पाळायच्या. पिंजरा उघडायच्या आधी फॅन बंद, आणि रेग्युलेटरपाशी चिठ्ठी लावा कारण कोणीतरी सवयीने चालू करतंच. खिडक्यांना जाळी, मोठ्या आरशावर कापड. ओट्यावर कढई तापलेली असताना पक्षी बाहेर नको, तो तव्यावर पण उतरेल, त्याला काय माहीत. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरू शकतो, स्वयंपाकघर दुसऱ्या खोलीत असलं तरी.

चावा खोल असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, सूज किंवा लाली वाढली तर डॉक्टर. रेबीजची भीती नको, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे, पोपटाच्या चाव्याने होत नाही. डोळ्याजवळ चावला असेल तर मात्र घरी बघत बसू नका.

पाहुणे येणार असतील तर ते येण्याआधीच पक्षी स्टँडवर किंवा पिंजऱ्यात असू द्या. कोणी "बघू माझ्या हातावर येतो का" म्हणत बोट पुढे केलं तर सरळ नको म्हणा, काका रागावले तर रागावू देत. फारच हौस असेल तर त्यांच्या हातात करडईचे दोन दाणे द्या आणि स्टँडच्या वाटीत टाकायला सांगा.